लहान मुलांबरोबर घरची प्रार्थना: हसू आवरून कशी निभवायची

थोरला चार वर्षांचा असताना प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, अख्खी म्हणायचा. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून गाडी झकास सुटायची, 'ऋणां'च्या चढावर जरा धापा टाकायची आणि शेवटी एकदम जोरात यायचं: 'आम्हांला वाईट तापापासून सोडव.' वाइटापासून नाही. वाईट तापापासून.

मी लग्नाआधी सहा वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलं आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे उच्चार सुधारण्यात माझा हातखंडा. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जीभ वळवळलीच. पण त्या दिवशी नवऱ्याला हसू आवरेना, तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला, आणि त्या गडबडीत माझं सुधारणं राहून गेलं.

पुढे महिन्याभरात धाकटीला ताप आला. सात महिन्यांची होती. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, औषध दिलं होतं, रात्रीचे दोन वाजले होते आणि मी तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होते. दारात थोरला उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. एका हाताने पायजमा वर ओढत जवळ आला, माझ्या मांडीएवढाच होता तेव्हा, तिचा लोंबणारा पाय धरला आणि अख्खी प्रार्थना म्हणाला. 'वाईट तापापासून' इतक्या जोरात म्हणाला की धाकटी दचकून रडायला लागली. मग तो आमेन म्हणाला आणि झोपायला गेला. मी मात्र तशीच उभी.

तेव्हापासून माझ्या घरात एक नियम झाला, आणि पुढचं सगळं त्याच नियमातून निघालं आहे: मूल प्रार्थना करत असताना दुरुस्ती करायची नाही. हसायचंही नाही. हसू आलं तर खोकायचं, चपला शोधायच्या, काहीही करायचं. दुरुस्ती आपोआप होते. चर्चमध्ये दर रविवारी शंभर माणसं तीच प्रार्थना बरोबर म्हणत असतात, मुलांच्या कानावर ती पडतच असते. थोरल्याचा 'ताप' वर्षभरात आपला आपण उतरला.

वेळ कोणती, किती

आमची सुरुवात चुकली ती इथे. माझ्या माहेरी रात्री सगळं आवरल्यावर प्रार्थना व्हायची, म्हणून मीही झोपायच्या आधीची वेळ धरली. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही वेळ सगळ्यात वाईट. मुलं तेव्हा एकतर पेंगलेली असतात, नाहीतर झोप टाळायचं एक साधन म्हणून प्रार्थनेकडे बघतात. थोरल्याने हे फार लवकर हेरलं. दिवा मालवायची वेळ आली की त्याला देवाशी बोलायची इतकी ओढ लागायची की एखाद्या संताला लाज वाटावी. आजीसाठी, शेजारच्यांसाठी, शेजारच्यांच्या मांजरासाठी, मांजराच्या पिल्लांसाठी. पिल्लं अजून झालेली नव्हती.

मग आम्ही वेळ रात्रीच्या जेवणानंतर लगेच आणली. ताटं उचलायच्या आधी. सगळे बसलेलेच असतात, कुणाला बोलवावं लागत नाही, हात खरकटे असल्यामुळे कुणी फोनला हात लावत नाही. दहा मिनिटं पुरतात. घरात दोन वर्षांचं मूल असेल तर पाचच. मिनिटं वाढवायचा मोह होतो, विशेषतः एखाद्या दिवशी मुलं गोड वागली की. वाढवू नका. 'अजून एक गोष्ट' असं मुलं म्हणत असतानाच थांबा, म्हणजे उद्या बोलवावं लागत नाही.

क्रम असा ठेवा: आधी गाणं, मग गोष्ट, मग प्रार्थना. गाणं आधी, कारण पसरलेली मुलं गोळा करायला आवाजासारखं दुसरं काही नाही. 'या रे, बसा रे' दहादा म्हणण्यापेक्षा एक ओळ गायला सुरुवात करावी. एकच गाणं महिनाभर चालवा. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही.

एखाद्या दिवशी जमलं नाही तर सोडून द्या. आमची आठवड्यातून दोनदा तरी बुडते. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर वचनं बिंबवायला सांगितलंय ना, तिथे घरी बसलेले असताना, वाटेने चालत असताना, निजताना, उठताना असं म्हटलं आहे. म्हणजे शाळेची बस येईपर्यंतची चार मिनिटंही त्यात धरलेली आहेत. मला ते वाचून फार हायसं वाटलं होतं.

आणि आपली स्वतःची प्रार्थना? ती वेगळी काढावी लागते आणि लहान मुलं घरात असताना ती निघत नाही, हे आधीच सांगते. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या आईची, सुझॅना वेस्लींची गोष्ट सांगतात. त्यांना एकोणीस मुलं झाली, त्यातली बरीच तान्हेपणीच गेली. घरात एकांत नाही म्हणून त्या अॅप्रन डोक्यावर ओढून घ्यायच्या. तो दिसला की आई प्रार्थनेत आहे, हाक मारायची नाही, हे मुलांना माहीत. मी टॉवेल घेऊन प्रयोग केला. अर्ध्या मिनिटात धाकटी टॉवेलखाली आली, माझ्या नाकाला नाक लावून म्हणाली, "कुणापासून लपलोय आपण?"

त्यांची प्रार्थना त्यांना करू द्या

पाठ केलेली प्रार्थना आणि मनाची प्रार्थना, दोन्ही हव्यात. पाठ केलेली यासाठी की रात्री दोन वाजता स्वतःचे शब्द सापडत नाहीत तेव्हा ती हाताशी असते. मनाची यासाठी की तिच्यातून मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. शाळेत कुणीतरी डबा हिसकावून घेतो हे मला थोरल्याने कधीच सांगितलं नाही. देवाला सांगितलं, मी शेजारी बसले होते.

सुरुवातीला मुलं यादी करतात. "पंख्यासाठी थँक्यू, नळासाठी थँक्यू, पालीसाठी थँक्यू." करू द्या. यादी आटोक्यात आणायची असेल तर पाच बोटांची युक्ती आहे, संडे स्कूलमध्ये आम्ही तीच वापरायचो. अंगठा आपल्या सगळ्यात जवळ, म्हणून घरची माणसं. अंगठ्याशेजारचं बोट वाट दाखवतं, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, पाळकसाहेब. मधलं सगळ्यात उंच, म्हणून देश चालवणारे. त्याच्या पुढचं सगळ्यात अशक्त, म्हणून आजारी आणि अडचणीतले लोक. करंगळी म्हणजे आपण स्वतः, शेवटी. आमच्याकडे ही युक्ती आठवडाभर अप्रतिम चालली. आठव्या दिवशी धाकटीने दुसरा हात पुढे केला. नवव्या दिवशी मोजे काढले.

प्रार्थनेतल्या शब्दांचा अर्थ मात्र सांगावा लागतो, आणि इथे मराठी आपली गंमत करते. 'आम्हांला परीक्षेत आणू नको' हे वाक्य शाळेत जायला लागलेल्या कुठल्याही मुलाला एका झटक्यात कळतं, आणि साफ चुकीचं कळतं. दुसरीत असताना थोरला सहामाहीच्या आठवड्यात ही ओळ डोळे घट्ट मिटून म्हणायचा. गणिताचा पेपर देऊन आला आणि दप्तर टाकून म्हणाला, "ऐकलं नाही. झालीच परीक्षा." मी त्याला सांगितलं की ही परीक्षा वेगळी. कुणी बघत नसताना ताईच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, रंगपेटीतला रंग उचलावासा वाटतो ना, ती. तो बराच वेळ गप्प बसला. "मग तीसुद्धा झाली," म्हणाला. दुसऱ्या दिवशी जांभळा रंग परत गेला. मला तो गेल्याचंच माहीत नव्हतं.

'ऋण' हा आणखी एक. जुना शब्द, मुलांना कुठेच भेटत नाही. मी 'उधारी' असं सांगितलं: कुणी तुझं काही घेतलंय आणि परत दिलं नाही, ते सोडून द्यायचं, तसं देव आपलं सोडतो. थोरल्याचा चेहरा उतरला. वर्गातल्या एका मुलाकडे त्याचं खोडरबर होतं. सुगंधी. तो त्या रात्री प्रार्थनेत त्या ओळीपाशी थांबला, आणि म्हणाला, "ही ओळ मी उद्या म्हणतो." तीन दिवस त्याने ती ओळ गाळली. चौथ्या दिवशी म्हणाला. खोडरबर परत आलं होतं की त्याने सोडून दिलं होतं, मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका अशा वेळी. मी मात्र ती ओळ तोवर तीसेक वर्षं म्हणत आले होते आणि एकदाही थांबले नव्हते.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी 1529 मध्ये घरच्या घरी शिकवण्यासाठी लहान प्रश्नोत्तरी काढली, तिच्यात एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो: 'याचा अर्थ काय?' ज्याला घरात लहान मुलं होती अशा माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे ते, हे मला आता पटतं.

गोष्ट सांगताना

एकच सूचना, पण ती पाळा: जे बायबलात नाही ते भर म्हणून घालू नका. मुलं पुढे स्वतः वाचतात आणि आपल्याला पकडतात. योनाला देवमाशाने गिळलं असं आपण बिनधास्त सांगतो. पुस्तकात 'मोठा मासा' एवढंच आहे. आदाम-हव्वेने एदेन बागेत खाल्लेलं फळ कुठलं ते उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितलेलंच नाही, तरी चित्रात नेहमी सफरचंद असतं. "नक्की कुठलं होतं ते लिहिलेलं नाही" असं सांगितलं की मुलं उलट जास्त रमतात. आमच्याकडे त्या फळावर दोन रात्री वाद झाला.

आकडे असतील तर ते मोजून दाखवा. नोहाचं तारू 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, मोठ्या माणसाचा साधारण 45 सेंटिमीटर. म्हणजे लांबी झाली 135 मीटरच्या आसपास. हे मी नुसतं सांगितलं असतं तर एका कानाने ऐकून सोडून दिलं असतं. आम्ही मैदानात गेलो आणि थोरला जमिनीवर आडवा पडून स्वतःच्या हाताने मोजायला लागला. चाळीस हातांवर त्याचं कोपर सोललं. मग पावलांनी मोजलं. टोकाला पोचल्यावर तो मागे वळून एवढीशी दिसणारी धाकटी बघून म्हणाला, "एवढं? आणि सुतार किती होते?"

त्याच रात्री दुसरा प्रश्न आला, ज्याची मला भीती होती. "तारवात नव्हते ते कुठे गेले?" हा प्रश्न टाळून पुढे इंद्रधनुष्यावर उडी मारता येते. मी मारायची. संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षं मारली. पण स्वतःचं मूल डोळ्यात डोळे घालून विचारतं तेव्हा जमत नाही. "ते बुडाले," मी म्हणाले. "देवाला वाईट वाटलं?" पुराच्या आधीच, माणसांची दुष्टाई पाहून देवाच्या मनाला खेद झाला असं त्या गोष्टीत आहे, तेवढं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, आणि तेही मी त्याला सांगितलं.

चर्चमध्ये

पुढे बसा. सगळे आईबाप मुलांना घेऊन मागे बसतात, पटकन बाहेर काढता येतं म्हणून. मागून मुलांना काय दिसतं? पाठी. पुढे बसलं की पाळकसाहेबांचे हात, मेणबत्त्या, प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचं मेज, सगळं दिसतं, आणि निम्मी चुळबुळ कमी होते. उरलेल्या निम्म्यासाठी एक पिशवी ठेवा जी फक्त रविवारीच उघडते: मेणाचे खडू, कोरे कागद, कापडी बाहुली. चाकं असलेलं काहीही नको. पापांगीकाराच्या शांततेत एक लोखंडी गाडी बाकांखालून घरंगळत थेट वेदीपर्यंत जाताना कसा आवाज होतो तो मी ऐकलेला आहे. मंडळीतला एकही माणूस त्या दिवशी स्वतःच्या पापांचा विचार करत नव्हता.

दानाचं नाणं उपासनेच्या सुरुवातीला मुलाच्या हातात देऊ नका. ते पडतं, तोंडात जातं, किंवा त्याच्याशी मैत्री होते आणि मग सोडवत नाही. थैली दोन ओळी मागे असताना द्या. आमच्या धाकटीने एकदा नाणं टाकलं आणि हात तसाच पसरून उभी राहिली. थैली धरणारे काका घोटाळले. ती म्हणाली, "सुटे?"

प्रभुभोजनाच्या वेळी 'मला का नाही?' हा प्रश्न येणार, आणि तो आयत्या वेळी कुजबुजत सोडवता येत नाही. प्रत्येक मंडळीची रीत वेगळी. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही देतात. कॅथलिकांमध्ये साधारण सात वर्षांनंतर, शिकवणी होऊन पहिला ख्रिस्तप्रसाद. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी दृढीकरणानंतर, म्हणजे मोठेपणी विश्वास पक्का करण्याच्या विधीनंतर, किंवा स्वतः विश्वास कबूल केल्यावर. आपल्या पाळकांना आधी विचारा आणि मुलाला शनिवारीच सांगून ठेवा. आमच्याकडे मुलं सोबत पुढे येतात आणि पाळकसाहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. धाकटी तीन वर्षांची असताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने लगेच टाचा उंचावून त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला बघितलं. पोचेना. ते वाकले. पूर्ण खाली वाकले, तिचा हात टकलावर टेकेपर्यंत, आणि मागची रांग थांबली.

मूल रडलंच तर बाहेर न्या, पण शांत झालं की परत आत आणा. आणि कुणी वळून बघितलं तर बघू दे. बाळकांना हटकणाऱ्यांवर येशू रागावला होता, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. हटकणारे कोण होते तर त्याचेच शिष्य. हरवलंच कुठे मूल गर्दीत, तर स्वतःला फार बोल लावू नका. मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांना कळलं की बारा वर्षांचा येशू सोबत नाही, आणि तो तीन दिवसांनी मंदिरात सापडला. आमचा थोरला वीस मिनिटांत सापडला. पेटीवादकाच्या बाकाखाली.

'देव बघतोय' म्हणू नका

हे मी म्हटलेलं आहे, म्हणून सांगते. धाकटीने भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या तेव्हा माझ्या तोंडून आलं, "मी बघत नसले तरी देव बघतोय हं." परिणाम एवढाच झाला की पुढच्या रेघोट्या टेबलाखाली सापडल्या, वरून चादर सोडलेली. "इथे देवाला दिसत नाही," तिने मला समजावून सांगितलं. म्हणजे देव नावाचा एक पहारेकरी मी स्वतःच्या हाताने घरात आणून बसवला आणि तिला त्याच्यापासून लपायला शिकवलं. ते पुसायला मला बराच काळ लागला. भिंत एका दिवसात पुसून झाली.

क्षमा शिकवायची असेल तर त्याला एकच उपाय मला माहीत आहे, आणि तो जिवावर येतो: आपण चुकलो की मुलाची माफी मागायची. 'मम्मी दमली होती म्हणून ओरडली' ही माफी नाही, तो खुलासा आहे. "मी ओरडले, ते चुकलं, मला माफ कर." बस्स. पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा थोरला, तेव्हा पाचेक वर्षांचा, विचारात पडला. मग मला म्हणाला, "आधी सांग, परत करशील?" मी म्हणाले, "बहुतेक हो." "बरं," म्हणाला, "तरी केलं."

मरण

माझे सासरे गेले तेव्हा धाकटी साडेतीन वर्षांची. आम्ही म्हणालो, आजोबा देवाच्या घरी गेले. तिने दुपारी दप्तरात बाहुली, मोजे आणि आजोबांचा चष्म्याचा डबा भरला आणि दाराशी जाऊन बसली. "चष्मा विसरलेत," म्हणाली. "कुठली बस जाते?"

साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण कायमचं असतं हे उमगत नाही. गेलेला माणूस परत येईल असंच त्यांना वाटत राहतं. म्हणून शब्द जपून वापरा. 'झोपले' तर अजिबात म्हणू नका, मूल रात्री झोपायला घाबरतं. मोठ्यांचाही यात घोटाळा होतो. आपला मित्र लाजर झोपला आहे, असं येशूने म्हटलं तेव्हा शिष्यांना वाटलं, झोपलाय म्हणजे बरा होईल. मग त्याला उघड सांगावं लागलं: लाजर मेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. आम्हीही मग तिला जमिनीवर बसून उघड सांगितलं. आजोबा मेले. त्यांचं शरीर आता हलत नाही, त्यांना दुखत नाही. ते येशूजवळ आहेत असा आपला विश्वास आहे. आपल्याला ते इथे भेटणार नाहीत, म्हणून आपण रडतोय. तिने हे पुढच्या आठवड्यात अकरा वेळा विचारलं आणि अकरा वेळा तेच उत्तर द्यावं लागलं. तेच द्या, शब्द बदलू नका.

त्याच अध्यायात 'येशू रडला' हे दोन शब्दांचं वचन आहे. संडे स्कूलच्या पाठांतरात मुलं ते आधी पळवतात, कारण सोपं. थोरल्यालाही ते तेवढ्यासाठीच येत होतं. अंत्यविधीनंतर घरी परतल्यावर नवरा बाल्कनीत एकटा उभा होता, आमच्याकडे पाठ करून. थोरला गेला, त्याच्या शेजारी कठड्याला टेकला. जरा वेळाने म्हणाला, "पप्पा, येशू पण रडला." पाठांतराच्या सुरात, वचनाचा क्रमांकही सांगितला शेवटी.

नाताळचं नाटक

यावर मी एक वेगळं पुस्तक लिहू शकेन, पण इथे कामाचं तेवढं सांगते. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीनच होते असं मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. देणग्या तीन होत्या: सोनं, ऊद आणि गंधरस. म्हणजे तुमच्याकडे सात मुलं रुसून बसली असतील तर सातही जणांना मागी करा, शास्त्राची काही हरकत नाही. लूकाच्या गोष्टीत धर्मशाळेच्या मालकाची भूमिकाच नाही, त्यामुळे ती द्यायची नसेल तर गाळा. आणि मेंढरं कितीही चालतात. संवाद नाहीत, चुकत नाही, पडून राहायचं.

गेल्या नाताळात थोरल्याला गब्रीएल देवदूत व्हायचं होतं आणि त्याच्या वाट्याला मेंढपाळ आला. आठवडाभर तोंड पाडून होता. धाकटी मेंढरू, कापूस चिकटवलेल्या टोपीत. देवदूतांचं गाणं सुरू झालं आणि मला दिसलं की ती खरोखर झोपलेली आहे. दिवे, ढोलक, टाळ्या, काही नाही, गाढ. सगळे मेंढपाळ बेथलेहेमला निघाले, इतर मेंढरं रांगत निघाली, ही तिथेच. थोरला पडद्यापर्यंत गेला, त्याने मोजलं असावं, परत आला. काठी ठेवली. तिला उचलायला बघितलं, नाही जमलं. दुसऱ्यांदा खांद्यावर पोत्यासारखी टाकली, टोपी पडली ती दातांत धरली आणि डगमगत निघाला. सभागृह एकदम शांत झालं होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. थोरला माझ्या रांगेसमोरून जाताना टोपी तोंडातून काढून म्हणाला, "मम्मी, धर हिला. लई जड आहे."

वही

हे सगळं मला आठवतंय कारण मी लिहून ठेवलं आहे. मरीयेने सगळ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या, लूक दोनदा सांगतो. माझ्या अंतःकरणात दोन दिवसांच्या वर काही टिकत नाही, मला वही लागते. साधी, दोनशे पानी. त्याच रात्री लिहायचं. सकाळी शब्द बदललेले असतात. तारीख, कोण, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, चुकीच्या व्याकरणासकट. आपली टिप्पणी नको. नंतर वाचताना तीच सगळ्यात नीरस असते.

हे किस्से मूल समोर बसलेलं असताना पाहुण्यांना सांगू नका. मी एकदा सांगितला, सगळे हसले, आणि थोरला त्यानंतर तीन आठवडे मोठ्याने प्रार्थना करेना. आता मी त्याला आधी विचारते. या पानावरच्यातलेही दोन त्याने काढायला लावले आहेत, आणि ते फार छान होते.

आणि वही लपवून ठेवा. आमची मागच्या महिन्यात त्यांना सापडली. थोरल्याने धाकटीला ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि स्वतःच्याच 'वाईट तापा'ला इतका हसला की उचकी लागली. चूक इथे झाली. धाकटीला ते पसंत पडलं. आता ती रोज तेच म्हणते. तो तिला प्रार्थनेच्या मध्येच कोपरखळी मारतो, "वाइटापासून! ताप नाही!" आणि ती डोळे न उघडता, "मला तापच येतो. वाइट कधी येतं?"

नियम आता त्याला सांगावा लागतोय: दुरुस्ती करायची नाही. तो करतो. त्यामुळे त्या शब्दाशी आलो की दोघं एकमेकांवर आवाज चढवतात, आणि परवाच्या रविवारी, भर उपासनेत, धाकटी जिंकली.